बंद पाकीट, उघडा पत्ता : कूटबद्ध संदेशवहनातील भ्रमणध्वनी क्रमांकाची चिकित्सा

प्रास्ताविक

'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' ही संज्ञा गेल्या दशकात सर्वसामान्य वाचकाच्याही परिचयाची झाली आहे. संदेश पाठविणाऱ्याच्या यंत्रावरच त्याचे कूटात रूपांतर व्हावे, तो घेणाऱ्याच्याच यंत्रावर उलगडावा आणि मधल्या कोणालाही, अगदी सेवा पुरविणाऱ्या संस्थेलाही, तो वाचता येऊ नये, असा या तंत्राचा आशय होय. ५ एप्रिल २०१६ रोजी व्हॉट्सॲपने हे तंत्र आपल्या सर्व वापरकर्त्यांना लागू केल्याचे जाहीर केले. त्यासाठी वापरलेली कूटपद्धती 'सिग्नल' या ॲपच्या निर्मात्यांनी विकसित केलेली होती. तेव्हापासून 'हे ॲप सुरक्षित आहे' आणि 'या ॲपवर माझा खासगीपणा राखला जातो' ही दोन विधाने एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जाऊ लागली. प्रस्तुत लेखात या दोन विधानांमधील अंतराचा विचार करावयाचा आहे. हे अंतर ज्या एका गोष्टीमुळे पडते ती अत्यंत साधी आहे : वापरकर्त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक.

या विवेचनाचे निमित्त म्हणजे सिग्नलने २० फेब्रुवारी २०२४ रोजी केलेली घोषणा. त्यानुसार सिग्नलवर आपला क्रमांक समोरच्याला न देता, एखादे वापरकर्तानाव घेऊन संपर्क साधण्याची सोय झाली. खासगीपणाचे पुरस्कर्ते अनेक वर्षे हीच मागणी करीत होते, त्यामुळे घोषणेचे स्वागत झाले, ते योग्यच होते. परंतु स्वागताच्या भरात एक प्रश्न मागे पडला. क्रमांक 'खासगी' झाला म्हणजे नेमका कोणापासून? कारण नाव घेतले तरी सिग्नलचे खाते उघडताना भ्रमणध्वनी क्रमांक द्यावाच लागतो. ही अट त्या घोषणेने काढून टाकली नाही.

एका क्रमांकाची तीन कामे

या विषयावरील बहुतेक चर्चेत क्रमांक ही एकच वस्तू मानली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते गोंधळाचे मूळ येथे आहे. संदेशवहनाच्या ॲपमध्ये भ्रमणध्वनी क्रमांक तीन भिन्न कामे करतो. तो आत येण्याचा परवाना असतो, कारण त्यावर आलेला लघुसंदेशातील संकेतांक भरल्याशिवाय खाते सुरू होत नाही. तो पत्ता असतो, कारण इतरांना आपण त्याच्याच आधारे सापडतो. आणि तो ओळखपत्रही असतो, कारण आपल्या देशात सिमकार्ड घेताना ओळख पटवावी लागते व तो क्रमांक एका विशिष्ट नागरिकाच्या नावे नोंदला जातो. पहिले काम ॲपचे, दुसरे परिचितांचे, तिसरे शासनाचे. तिन्ही कामे एकाच दहा अंकांवर सोपविल्यामुळे एका नात्यासाठी दिलेली गोष्ट दुसऱ्या दोन नात्यांतही आपोआप दिली जाते.

मराठी वाचकाला नावांचा असा संकोच अपरिचित वाटावा. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे वाचकांपासून फार काळ लपले नाही, आणि ते कायमचे लपावे असा हेतू असेलच असेही नाही. परंतु प्रत्येक नाव वेगळ्या नात्याने वाचकापुढे येत होते आणि कोणते नाव कोठे वापरावे हे ठरविण्याचा अधिकार लेखकाकडे होता. भ्रमणध्वनी क्रमांक हा अधिकार काढून घेतो. दूधवाला, विद्यापीठाचा परीक्षा विभाग, माहेरची माणसे, एखाद्या चळवळीतील सहकारी आणि ओळख ना पाळख अशी रेल्वेत भेटलेली व्यक्ती, या सर्वांना एकच नाव द्यावे लागते. तेही असे की जे बदलायचे झाले तर बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत हेलपाटे घालावे लागतात.

क्रमांकाचा आधार का घेतला गेला?

टीका करण्यापूर्वी दुसरी बाजू नीट मांडणे आवश्यक आहे. ती दुर्बळ नाही. सिग्नलचे मूळ २०१० सालच्या 'टेक्स्टसिक्युअर' या ॲपमध्ये आहे. ते साध्या लघुसंदेशांनाच कूटाचे कवच देणारे साधन होते, त्यामुळे क्रमांक हाच पत्ता असणे तेथे स्वाभाविक होते. पुढे लघुसंदेशाची वाट सुटली तरी क्रमांक राहिला, कारण त्याचा एक मोठा फायदा ध्यानात आला होता. माणसाची संपर्कयादी आधीच त्याच्या फोनमध्ये असते. समाजमाध्यमांच्या कंपन्या 'कोण कोणाचा मित्र' हे जाळे स्वतःकडे साठवितात. क्रमांकावर चालणाऱ्या ॲपला ते साठविण्याची गरज राहत नाही. यादी माणसाकडेच राहते. खासगीपणाच्या दृष्टीने हा युक्तिवाद खरा आहे. किंबहुना कूटबद्ध संदेशवहन घरोघरी पोहोचले ते याच सोयीमुळे. ज्या आजीला 'वापरकर्तानाव' ही कल्पना समजावून सांगावी लागली असती तिला क्रमांक समजावा लागला नाही.

दुसरे कारण उपद्रवी संदेशांचे. खाते उघडणे अगदी फुकट व निनावी असेल तर एक माणूस लाखो खाती उघडील. क्रमांक मिळवायला थोडाफार खर्च व श्रम लागतात, म्हणून तो बांध ठरतो. मात्र या बांधाची किंमत सिग्नललाही मोजावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये या ना-नफा संस्थेने आपला खर्च जाहीर केला. त्यात यंत्रणेवरील वार्षिक खर्च सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर असून त्यापैकी सुमारे ६० लाख डॉलर केवळ नोंदणीच्या वेळी क्रमांक पडताळण्यासाठी जात होते. साठवण, सर्व्हर आणि बँडविड्थ यांपैकी कोणत्याही एका बाबीपेक्षा ही रक्कम मोठी होती. देणग्यांवर चालणारी, खासगीपणासाठी उभी राहिलेली संस्था आपला सर्वांत मोठा यांत्रिक खर्च लघुसंदेश पोहोचविणाऱ्या दूरसंचार कंपन्यांना देते, ही विसंगती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. पर्याय नव्हताच असेही नाही. स्वित्झर्लंडमधील 'थ्रीमा' हे ॲप क्रमांक न मागता आठ अक्षरांची एक ओळख देते. ते विकत घ्यावे लागते आणि ती किंमतच तेथे बांधाचे काम करते. अर्थात विकत घ्यावयाचे ॲप आपल्याकडे किती जण घेतील, हा प्रश्न उरतोच.

पत्ता म्हणून क्रमांक : दोन अभ्यास आणि एक आंदोलन

क्रमांकाला पत्ता करण्यातील खरा दोष गणिती आहे. ई-मेलचा पत्ता किंवा टोपणनाव अंदाजाने शोधणे कठीण असते, कारण शक्यतांना अंत नसतो. क्रमांकांच्या शक्यता मोजता येतात. भारतातील भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतात. म्हणजे फार तर ४०० कोटी. क्रमांक थेट न पाठविता त्याचे 'हॅश' रूप पाठविले, तरी एवढ्या लहान संचात मूळ क्रमांक शोधून काढणे संगणकाला जड जात नाही.

जर्मनीतील वुर्त्सबुर्ग व डार्मस्टाट येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रत्यक्ष करून दाखविले. अमेरिकेतील सर्व भ्रमणध्वनी क्रमांक त्यांनी सिग्नलवर आणि दहा टक्के क्रमांक व्हॉट्सॲपवर तपासले. कोणता क्रमांक ॲपवर आहे आणि कोणता नाही, हे त्यांना कळले. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी व्हॉट्सॲपसंबंधी असाच पण कितीतरी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तासाला दहा कोटींहून अधिक क्रमांक तपासण्यास त्यांना कोणी अडविले नाही. जगभरातील सुमारे ३५० कोटी खाती त्यांना सापडली, त्यांपैकी सुमारे ७५ कोटी भारतातील होती. निम्म्याहून अधिक खात्यांचे छायाचित्र कोणालाही पाहता येत होते. त्यांच्या वेगाने भारतातील सर्व संभाव्य क्रमांक तपासायचे तर साधारण चाळीस तास पुरेसे ठरतात, हे वरील आकड्यांवरूनच कळेल. संशोधकांनी ही त्रुटी कंपनीच्या निदर्शनास आणून दिली, त्यानंतर कंपनीने वेगावर मर्यादा घातली. संदेशांची गोपनीयता अबाधित होती, असे कंपनीचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. पण मुद्दा संदेशांचा नव्हताच. ज्या देशांत व्हॉट्सॲपवर बंदी होती तेथील खातीही या यादीत सापडली. चीन किंवा म्यानमारमधील एखाद्याच्या हातून एकही संदेश लिहिला गेला नसला, तरी त्याचा क्रमांक त्या यादीत असणे एवढेच त्याला अडचणीत आणण्यास पुरेसे आहे.

पत्ता आणि ओळखपत्र यांच्या सरमिसळीचे अधिक बोलके उदाहरण हाँगकाँगचे आहे. २०१९ च्या आंदोलनात तेथील आंदोलक टेलिग्रामचे मोठे सार्वजनिक गट वापरीत होते. (टेलिग्रामवरील गट एंड-टू-एंड कूटबद्ध नसतात, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे, ते कूटबद्ध असते तरी पुढील प्रकार टळला नसता.) त्या वर्षी ऑगस्टमध्ये तेथील काही अभियंत्यांनी एक दोष उघड केला. कोणी हजारो क्रमांक आपल्या संपर्कयादीत ओळीने भरून गटात प्रवेश केला, तर त्यातील कोणते क्रमांक गटात आहेत हे त्याला दिसत असे, मग सदस्याने आपला क्रमांक लपविलेला असला तरीही. क्रमांक हाती आला की त्यामागील नाव दूरसंचार कंपनीकडून मिळविणे पोलिसांना अवघड नसते. टेलिग्रामने त्यावर उपाय आणला. परंतु आणखी एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या काळी हाँगकाँगमध्ये नाव न नोंदविता प्रीपेड सिमकार्ड घेता येत असे, त्यामुळे आंदोलकांपैकी काहींचा क्रमांक हा पत्ता होता, ओळखपत्र नव्हता. पुढे कायदा बदलला. मार्च २०२२ पासून नव्या सिमकार्डांना नावनोंदणी सक्तीची झाली आणि फेब्रुवारी २०२३ नंतर नोंदणी नसलेली जुनी प्रीपेड कार्डे बंद झाली. ॲपच्या रचनेत फरक न पडताही त्या क्रमांकाचा अर्थ बदलला, कारण तो अर्थ ॲपच्या हाती नव्हताच.

सिग्नलच्या उपायाचे मूल्यमापन

आता २०२४ च्या घोषणेकडे पुन्हा वळता येईल. नव्या रचनेत, ज्याच्या संपर्कयादीत आपला क्रमांक नाही त्याला तो दिसत नाही. वापरकर्तानाव घेणे ऐच्छिक आहे, ते हवे तेव्हा बदलता येते आणि त्याची सार्वजनिक सूची नाही. शिवाय 'माझ्या क्रमांकावरून मला कोणीही शोधू नये' असा पर्यायही निवडता येतो. वर सांगितलेल्या तीन कामांपैकी दुसरे काम, म्हणजे पत्त्याचे, यामुळे क्रमांकाकडून खऱ्या अर्थाने काढून घेतले गेले. ही सुधारणा लहान नाही. पत्रकाराला बातमी देणारा, समुपदेशकाशी बोलणारी स्त्री, जुन्या वस्तूची जाहिरात देणारा माणूस, या सर्वांच्या दृष्टीने ती मोलाची आहे.

मात्र पहिले व तिसरे काम जसेच्या तसे राहिले. २०१६ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून सिग्नलला न्यायालयीन आदेश आला होता. मागणी सुरू झाली होती ती क्रमांकांपासून. सिग्नलकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या : खाते केव्हा उघडले आणि शेवटची जोडणी केव्हा झाली. खासगीपणाच्या इतिहासात हे उत्तर वारंवार उद्धृत होते आणि त्यात संस्थेचा प्रामाणिकपणा निश्चित दिसतो. परंतु वापरकर्तानावांच्या आगमनानंतर प्रश्न उलट दिशेनेही विचारता येतो. वापरात असलेले एखादे नाव शासनाने समोर ठेवले आणि कायदेशीर सक्ती केली, तर ते ज्या खात्याशी जोडलेले आहे त्याचा क्रमांक सिग्नलला देता येतो. बदललेल्या किंवा टाकून दिलेल्या नावाबाबत तसे करता येत नाही. म्हणजे टोपणनावामागे क्रमांक, क्रमांकामागे सिमकार्ड आणि सिमकार्डामागे ओळखपत्र अशी साखळी कायम आहे. टेलिग्रामने तर सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या धोरणात उघडच नमूद केले की वैध कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्यांचे क्रमांक व आयपी पत्ते अधिकाऱ्यांना दिले जातील.

परवान्याच्या कामातील धोका वेगळा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सिग्नलच्या वतीने पडताळणीचे लघुसंदेश पाठविणाऱ्या 'ट्विलिओ' या कंपनीत घुसखोरी झाली. सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे क्रमांक अथवा संकेतांक घुसखोरांना दिसू शकत होते आणि किमान एकाचे खाते दुसऱ्या यंत्रावर नोंदविले गेले. जुने संदेश त्यांच्या हाती लागले नाहीत. तरीही भक्कम वाड्याची किल्ली शेजारच्या दुकानात ठेवावी तसा हा प्रकार होता. यावर सिग्नलचे उत्तर आहे 'नोंदणी-कुलूप', म्हणजे क्रमांकासोबत एक खासगी संकेतांक मागण्याची सोय. ती आहे, पण वापरकर्त्याने आपण होऊन सुरू करावी लागते.

क्रमांक हीच व्यक्ती असे गृहीत धरल्याने काय होते, याचे एक काहीसे विनोदी उदाहरण मार्च २०२५ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी येमेनवरील हल्ल्याच्या चर्चेसाठी केलेल्या सिग्नल गटात एका नियतकालिकाचे संपादकच सामील झाले. 'गार्डियन'च्या वृत्तानुसार त्यांचा क्रमांक त्या फोनमध्ये भलत्याच नावाखाली साठविला गेला होता. कूटपद्धतीने तेथेही आपले काम चोख केले : संदेश सुरक्षितपणे पोहोचले, फक्त चुकीच्या माणसाकडे.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे या प्रश्नाला अधिक धार येते, कारण क्रमांकावर सोपविलेल्या कामांची यादी तीनवर थांबत नाही. यूपीआयवर एखाद्याचा क्रमांक भरून पैसे पाठवू लागले की व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर दिसते. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र आणि पैशाच्या ॲपवरून पूर्ण नाव अशी जोड कोणीही दोन मिनिटांत घालू शकतो. त्यासाठी घुसखोर असण्याची आवश्यकता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारविषयक निकालात भ्रमणध्वनी क्रमांक आधारशी जोडण्याची सक्ती रद्द केली. सक्ती गेली, तरी ओळख पटविण्याची अट राहिली.

क्रमांक व्यक्तीला चिकटून राहतो असेही नाही. बंद पडलेले क्रमांक काही काळाने दुसऱ्याला दिले जातात. याविरुद्धची एक याचिका नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा किमान ९० दिवस तो क्रमांक पुन्हा दिला जात नाही, असे दूरसंचार नियामकाने सांगितले, आणि जुन्या धारकाने आपली माहिती वेळीच काढून घ्यावी अशी न्यायालयाची भूमिका राहिली. रिचार्ज परवडला नाही म्हणून ज्याचा क्रमांक सुटला, त्याच्यावर ही जबाबदारी येते. ओळखपत्र म्हणून ज्यावर एवढी भिस्त ठेवली जाते, ते पैसे संपताच दुसऱ्याच्या खिशात जाऊ शकते, याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही.

या पार्श्वभूमीवर दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेला आदेश पाहावा लागतो. ज्या सिमकार्डावर नोंदणी झाली ते यंत्रात असल्याशिवाय ॲप चालू नये आणि संगणकावरील आवृत्ती दर सहा तासांनी आपोआप बंद व्हावी, असे त्यात व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल आदी सेवांना सांगण्यात आले व त्यासाठी ९० दिवसांची मुदत ठेवण्यात आली. कारण म्हणून सायबर फसवणुकीचा दाखला दिला गेला. २०२४ या एका वर्षात अशा फसवणुकीत २२,८०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेल्याचे शासनाने सांगितले. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली निवृत्त प्राध्यापकांची आयुष्यभराची पुंजी गेल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे कारण पोकळ म्हणता येणार नाही. परदेशात बसून भारतीय क्रमांकाचे खाते चालविणाऱ्यास या उपायाने अडथळा होईलही. परंतु आदेशामागील कल्पना तपासली पाहिजे. तीत परवाना, पत्ता आणि ओळखपत्र ही तीन कामे क्षणोक्षणी एकत्र राहिली पाहिजेत असा आग्रह आहे. सिग्नलने २०२४ मध्ये जे थोडेसे सुटे केले, ते येथे पुन्हा गाठ मारून घट्ट केले जाते. सर्वसामान्य लोकांनी स्वतःच शोधलेला एक उपाय, म्हणजे कामापुरता दुसरा क्रमांक घेऊन त्यावर खाते उघडणे व ते सिमकार्ड कपाटात ठेवून देणे, हाही यात बाद ठरतो. अनेक वकील, पत्रकार आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया हा उपाय करतात. तो फसवणुकीसाठी नसतो. फसवणूक करणाऱ्या टोळ्या मात्र दुसऱ्यांच्या नावावरची सिमकार्डे बाळगून असतात, आणि ती यंत्रात घालून ठेवणे त्यांना फारसे अवघड नाही.

महाविद्यालयीन व्यवहार

शेवटी या चर्चेचा आपल्या परिसराशी असलेला संबंध नोंदविणे आवश्यक वाटते. २०२० नंतर बहुतेक महाविद्यालयांत वर्गवार व विषयवार व्हॉट्सॲप गट रूढ झाले. हजेरी, वेळापत्रक, परीक्षेच्या अर्जाची अंतिम तारीख, सर्व काही तेथे येते. त्या गटात नसणे विद्यार्थ्याला परवडत नाही. सत्तर विद्यार्थ्यांच्या गटात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थिनीचा क्रमांक त्याच क्षणी एकोणसत्तर जणांना मिळतो. तो देण्याची तिची इच्छा कोणी विचारलेली नसते. पुढे येणारे रात्री-अपरात्रीचे संदेश आणि ते टाळण्यासाठी तिने क्रमांक बदलणे, याला आपण वैयक्तिक अडचण म्हणतो. वस्तुतः ती गट ज्या रीतीने तयार केला गेला त्याची परिणती असते. संदेश कूटबद्ध असल्याचा तिला येथे काडीचाही उपयोग नाही.

विशेष म्हणजे यावरील उपाय त्याच ॲपमध्ये उपलब्ध आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या 'कम्युनिटी' या सोयीतील घोषणा-गटात सदस्यांचे क्रमांक इतर सदस्यांना दिसत नाहीत, फक्त संचालकाला व ज्यांनी ते आधीच साठविले आहेत त्यांना दिसतात. २०२३ मधील 'चॅनेल'मध्येही अनुसरण करणाऱ्यांचे क्रमांक एकमेकांपासून झाकलेले असतात. एकतर्फी सूचनांसाठी, आणि विभागाच्या गटांवरील बहुतांश मजकूर एकतर्फीच असतो, याहून अधिक काही लागत नाही. चर्चेचा गट हवाच असेल तर तो स्वतंत्र आणि ऐच्छिक ठेवता येईल. प्रवेश-अर्जावर घेतलेला क्रमांक कोणत्या कामासाठी वापरला जाईल, याची ओळ त्याच अर्जावर छापता येईल. या वर्षीचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी विभागीय बैठकीत एवढा विषय घेतला तर त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाही.